भाषा कुठली शिकू, काकू?

दोन-तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दिवेलागणीच्या वेळेस आमच्या मागच्या गल्लीतले एक गृहस्थ लेकीला घेऊन घरी आले. त्यांचा वडगावात यंत्रमाग आहे. मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कॉम्प्युटर क्लासची जाहिरात होती. एकाखाली एक नावं : सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, फुल स्टॅक. सगळ्यात खाली फी. तो आकडा बघून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

"ताई, तुम्ही यातल्या जाणकार. पतसंस्थेतनं कर्ज काढायचं म्हणतोय. पण यातली कुठली भाषा घेतली म्हणजे पोरीचं भलं होईल, तेवढं सांगा की," ते म्हणाले.

मी मुलीला विचारलं, "तुला यातली कुठली येते?"

"कॉलेजात सी झाली, काकू. मग सुट्टीत जावा अर्धी केली. मैत्रिणी म्हणाल्या जावा जुनी झाली, म्हणून पायथन घेतली. आता म्हणतात, पायथन काय, सगळ्यांनाच येते. दुसरं काहीतरी घे."

"बरं, मग या तिन्ही मिळून तू केलंस काय?"

ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम."

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. कधी टिळकवाडीतली एखादी आई, कधी खानापूरहून फोन करणारा भाचा. प्रत्येकाच्या मनात एकच भीती असते. चुकीची भाषा निवडली तर पोराचं वर्ष जाईल आणि घरचा पैसाही जाईल. ही भीती खोटी नाही. पण ती चुकीच्या ठिकाणी आहे, असं मला वाटतं. म्हणून आज त्यावरच लिहिते आहे.

तीस वर्षांपूर्वीची तीच रांग

मी बी. कॉम. होऊन संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास लावला, तो काळ १९९४चा. बाहेर चपला काढून थंडगार खोलीत जायचं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बघायची. एका मशीनवर आम्ही तिघी. तेव्हाही हाच प्रश्न होता. कोबोल की फॉक्सप्रो? कुणी म्हणे कोबोल म्हणजे म्हातारी भाषा, कुणी म्हणे फॉक्सप्रो म्हणजे हमखास नोकरी. मी कोबोल अर्धी टाकली आणि फॉक्सप्रो धरली. एका पतसंस्थेत पिग्मीचे आणि व्याजाचे हिशेब कॉम्प्युटरवर आणायचं काम मिळालं. घरच्यांना वाटलं, हिनं योग्य तेच निवडलं.

पुढे काय झालं बघा. २००० साल जवळ आलं आणि जगभरच्या बँकांना धडकी भरली. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. ९९ नंतर ०० आलं की कॉम्प्युटर त्याला १९०० समजणार. हे प्रोग्रॅम फार मोठ्या संख्येनं कोबोलमध्ये होते. एकाएकी त्या म्हातारीला मागणी आली आणि कोबोल येणाऱ्यांना पुण्या-बेंगळूरहून थेट परदेशी बोलावणी आली. ज्या भाषेला मी नाकं मुरडली, ती माझ्या मैत्रिणीला अमेरिकेत घेऊन गेली!

माझ्या फॉक्सप्रोचं काय झालं? मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली ती विकत घेतली होती. २००७ साली कंपनीनं जाहीर केलं की पुढची आवृत्ती येणार नाही. २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. माझी हमखास नोकरीची भाषा डोळ्यांदेखत मिटली. कोबोल मात्र अजून आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची बेकारभत्त्याची यंत्रणा अर्जांच्या लोंढ्याखाली दबली, तेव्हा तिथल्या गव्हर्नरनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीला येण्याचं जाहीर आवाहन केलं होतं.

सांगायचं म्हणजे, कुठली भाषा टिकेल आणि कुठली जाईल हे भल्याभल्यांना सांगता आलं नाही. जाहिरातीच्या कागदाला ते कुठून कळणार?

प्रत्येक भाषेच्या मागे एक काम

या भाषा आकाशातून पडल्या नाहीत. प्रत्येकीच्या जन्मामागे कुणाची तरी एखादी अडचण होती. ती अडचण समजली की अर्धा गोंधळ मिटतो.

शास्त्रज्ञांना गणिताची सूत्रं जशीच्या तशी मशीनला सांगायची होती, म्हणून आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं १९५७ साली फोरट्रान आणली. कचेरीतले हिशेब साहेबालाही वाचता यावेत अशा इंग्रजी वाक्यांसारख्या ओळींत लिहायचे होते, म्हणून १९५९-६० च्या सुमारास कोबोल झाली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर हाताळता यावा, म्हणून अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली बेसिक रचली. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी बांधली आणि १९७३ मध्ये युनिक्स ही अख्खी यंत्रणा सीमध्ये नव्यानं लिहिली गेली. यंत्राच्या अगदी जवळ जाऊन काम करायचं असेल तर आजही सीच लागते. आपल्या बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला वर्षानुवर्षे सी शिकवली जात आली, ती उगाच नाही.

जेम्स गॉसलिंग यांनी सन कंपनीत १९९१ मध्ये घरगुती उपकरणांसाठी म्हणून एका भाषेचं काम हाती घेतलं. तीच १९९५ मध्ये जावा म्हणून बाहेर आली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम वेगवेगळ्या मशीनवर चालावा, ही तिची मुख्य ओढ. त्याच वर्षी नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी वेबपानात जान आणण्यासाठी अवघ्या दहा दिवसांत एक भाषा उभी केली. तिचं नाव जावास्क्रिप्ट. नाव जावाच्या तेजीवर स्वार होण्यासाठी घेतलेलं, बाकी दोघींचं नातं जवळपास नाहीच. क्लासच्या जाहिरातीतसुद्धा कधी कधी या दोघींची गल्लत झालेली मी पाहिली आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि पायथन? आज सगळे जिला नवी म्हणतात, ती जावापेक्षा थोरली आहे! ॲमस्टरडॅममध्ये खिडो फान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. नावाचा सापाशी संबंध नाही, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतलं आहे. वाचायला सोपी, म्हणून शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी उचलली. एकेकाळी सीबीएसईच्या अकरावी-बारावीला सी प्लस प्लस होती, आता तिथं पायथन आहे.

तेव्हा 'सगळ्यात चांगली भाषा कुठली' हा प्रश्न 'सगळ्यात चांगलं भांडं कुठलं' असं विचारण्यासारखा आहे. भाकरीला तवा लागतो आणि आमटीला पातेलं.

भाषा बदलली, पैसा मात्र हरवलाच

आता माझ्या स्वतःच्या फजितीची एक गोष्ट सांगते. पतसंस्थेतल्या माझ्या पहिल्याच व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये ताळेबंद जुळेना. फरक किती? काही पैशांचा. पण हिशेबात पैशाचा फरक म्हणजे फरकच. तीन रात्री मी जागून काढल्या.

चूक साधी होती. समजा तीन खात्यांवर प्रत्येकी १० रुपये ३३.४ पैसे व्याज झालं. प्रत्येक खात्यात आपण १०.३३ रुपये जमा केले. तिन्ही मिळून ३०.९९. पण एकूण रकमेवर आधी व्याज काढलं तर येतात ३१.००२, म्हणजे ३१ रुपये. एक पैसा गेला कुठे? तो कुणी खाल्ला नाही. आधी पूर्णांकन की आधी बेरीज, एवढाच तो फरक. तीनच्या जागी तीन हजार खाती धरा, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल. यावर उपाय ठरलेला आहे. पूर्णांकनाचा फरक एका वेगळ्या खात्यात टाकायचा आणि तो उघड दाखवायचा.

पंधरा-वीस वर्षांनी त्याच संस्थेत नवा प्रोग्रॅम आला. एका तरुण मुलानं जावामध्ये लिहिलेला. महिनाअखेरीस ताळेबंद जुळेना, फरक काही पैशांचा! मला बोलावणं आलं. जावाची एक ओळ मला येत नव्हती. तरी मी पहिलाच प्रश्न विचारला, "बाळा, पूर्णांकन कुठं करतोस? आधी की नंतर?" त्यानं कपाळावर हात मारला. अर्ध्या तासात काम झालं.

फॉक्सप्रो मेली होती. तिच्यात काम करताना शिकलेलं मात्र मेलं नव्हतं.

असंच एक दुसरं उदाहरण. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, तिघीही साध्या पद्धतीनं उत्तर देतात ०.३०००००००००००००००४. कुणी म्हणेल, भाषा बिघडली. भाषा बिघडलेली नाही. आपण एकाला तीनानं भागलं की ०.३३३ असं कधीच न संपणारं उत्तर येतं ना? तसंच कॉम्प्युटरच्या दोन अंकी गणितात दहावा भाग पुरता लिहिताच येत नाही. म्हणून शहाणा माणूस रुपये अपूर्णांकात ठेवत नाही, सगळे पैसे करून पूर्णांकात ठेवतो.

पण इथेच भाषांमधला खरा फरकही दिसतो. जावामधला साधा पूर्णांक २१४७४८३६४७ पर्यंतच जातो. हे पैसे धरले तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये आणि ४७ पैसे. त्यात आणखी एक पैसा घाला, बेरीज एकदम उणे २ कोटी १४ लाखांवर जाते! एखाद्या लहानशा पतसंस्थेच्या ठेवीसुद्धा याहून जास्त असतात. जावात त्यासाठी मोठ्या मापाचा पूर्णांक आहे, तो आठवणीनं निवडावा लागतो. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही. सात भाकऱ्या दोघांत वाटायला सांगा. पूर्णांक म्हणून दिल्या तर सी आणि जावा तीन म्हणतात, अर्धी सोडून देतात. आजची पायथन साडेतीन म्हणते. जुनी पायथन, जिचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तीसुद्धा तीनच म्हणायची. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, तो ओळखायला हवा. पण 'अर्ध्या भाकरीचं काय झालं' हा प्रश्न ज्याला पडतो, तो कुठल्याही भाषेत फसत नाही.

'बेळगाव'ची अक्षरं किती?

घरात मुलं असतील तर त्यांना हा खेळ जरूर द्या. 'बेळगाव' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू चार. बे, ळ, गा, व. पायथनला विचारलं तर ती सहा म्हणते, कारण मात्रा आणि काना ती वेगळे मोजते. सीमध्ये नेहमीच्या पद्धतीनं मोजलं तर उत्तर येतं अठरा! तिथे मोजली जातात ती अक्षरं नव्हेत, तर साठवणीचे बाइट. आजच्या सर्रास वापरातल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला असे तीन बाइट लागतात. ॲपलची स्विफ्ट, २०१४ साली आलेली, ती मात्र आपल्यासारखं चारच म्हणते.

चौघांचंही बरोबर आहे. कुणी काय मोजलं, एवढाच प्रश्न. उद्या ही मुलगी मराठी नावांचा एखादा अर्ज तयार करील आणि नाव वीस अक्षरांत बसवा असं लिहील, तेव्हा वीस म्हणजे कुठले वीस, हे तिला माहीत नसेल तर कुणाच्या तरी आडनावाचं शेपूट तुटेल. तुटलेल्या आडनावांचे कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणं काय असतं, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

आपल्याला हे नवीन नाही

खरं म्हणजे एकाहून अधिक भाषांचं आपल्याला कौतुक नको. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात हिंदी, चोर्ला घाट उतरला की कोकणी, पोरांच्या शाळेत इंग्रजी. आपण कुणी बसून ठरवलं नाही की यातली उत्तम कुठली. जिथं जे काम, तिथं ती भाषा. आणि एक भाषा जिला नीट येते, तिला दुसरी लवकर येते, हाही आपला रोजचा अनुभव.

फरक एकच आहे आणि तो दिलासा देणारा आहे. बोलण्याच्या भाषेत हजारो शब्द शिकावे लागतात. सीच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द फक्त ३२ आहेत. आजच्या पायथनमध्ये ३५. एवढे शब्द तर आठवड्यात पाठ होतील. वेळ लागतो तो कामाचे तुकडे पाडायला, क्रम लावायला, कुठं चुकेल ते आधी ओळखायला, चुकलं तर शोधायला. पीटर नॉर्विग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी २००१ साली एक लेख लिहिला होता. एकवीस दिवसांत भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांची त्यात थट्टा होती आणि प्रोग्रॅमिंग शिकायला दहा वर्षं धरा, असं सुचवलं होतं. दहा वर्षं ऐकून घाबरू नका. स्वयंपाक शिकायला तरी आपल्याला किती वर्षं लागली?

मात्र या मुलीसारखं दर सुट्टीत भाषा बदलत राहिलं, तर दर वेळी तेच पहिले पंधरा दिवस पुन्हा होतात. दर वेळी नावाची ओळख, दर वेळी छोटी बेरीज. सोळावा दिवस कधी उजाडतच नाही. खरा पैसा आणि खरं वर्ष जातं ते या धरसोडीत.

मग निवडायचं कसं?

आधी काम ठरवा. म्हणजे 'काय बनवून बघायचं आहे' याचं उत्तर द्या.

वेबसाइट करायची असेल तर पानाची मांडणी शिकून मग जावास्क्रिप्ट. ब्राउझरमध्ये मुख्यतः तीच चालते, तिथं फारसा पर्याय नाही. अँड्रॉइड फोनचं ॲप हवं असेल तर कॉटलिन. २०१९ पासून गुगल तिलाच प्राधान्य देते. जावाही तिथं चालते. आयफोनसाठी स्विफ्ट. आकडेवारी, विज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता यांची ओढ असेल तर पायथन. ती स्वतः वेगानं धावणारी नाही, पण तिच्या पोटात अवजड गणित करणारे भाग बहुतेक सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असतात. म्हणजे तिथंही जुन्या सुनांच्याच जिवावर घर चाललंय!

इलेक्ट्रॉनिक्सचं वेड असेल, छोट्या चिपवर दिवा लावायचा, मोटर फिरवायची असेल तर सी. आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलानं सीएनसी मशीनचा जी-कोड मन लावून शिकला, तर तेही प्रोग्रॅमिंगच आहे. त्याला कुणी कमी लेखू नये. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या कामात जावा भरपूर आहे. आणि कुठलीही वाट धरा, एसक्यूएल सोबत असू द्या. साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची ही भाषा १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि अजून रोजच्या वापरात आहे. माझ्या पिढीतल्या गोष्टींपैकी तिच्याइतकी कामाला आलेली दुसरी भाषा मला आठवत नाही.

काहीच ठरत नसेल तर? तर पायथन घ्या, आणि कॉलेजात सी असेल तर सीच नीट करा. यातली कुठलीही घेतली तरी चूक होणार नाही. मात्र सहा महिने ती सोडू नका आणि त्या सहा महिन्यांत घरातल्या कुणाला तरी उपयोगी पडेल अशी एक वस्तू पुरी करा. आईच्या भिशीचा हिशेब, दुकानाची उधारी, भजनी मंडळाची वर्गणी, काहीही. दुसऱ्याचं काम हातात घेतलं की प्रश्न आपोआप पडतात. एका बाईनं मधेच भिशी सोडली तर? हप्ता उशिरा आला तर? पुस्तकातल्या उदाहरणात हे कुणी विचारत नाही.

फीबद्दलही मोकळेपणानं बोलते. क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही. समोर बसून चूक दाखवणारा शिक्षक मिळाला तर त्याची फी वसूल होते. पण एका कागदावर पाच भाषा आणि सहा महिने असं लिहिलेलं दिसलं तर दोनदा विचार करा. या भाषा शिकायची साधनं फुकट मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात छोटे छोटे पाठ आहेत, त्यांतले कितीतरी मराठीतूनही ऐकता येतात. आयआयटींच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे वर्गही घरी बसून बघता येतात. आधी महिनाभर हे करून पाहावं. मुलीला गोडी लागली, ती अडली, तिच्याकडे विचारण्यासारखे प्रश्न जमले, की मग क्लास लावावा.

आता तर मशीनच लिहितं ना?

त्या संध्याकाळी त्या गृहस्थांनी हळूच हेही विचारलं. "ताई, आता म्हणे एआयच सगळं लिहितं. मग पोरीनं शिकून उपयोग काय?"

प्रश्न खरा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर तो घरोघरी पोचला. साधे प्रोग्रॅम ही साधनं क्षणात लिहून देतात, म्हणाल त्या भाषेत. सुरुवातीच्या नोकऱ्यांचं चित्र उद्या कसं असेल याची खात्री मी देणार नाही. कुणी देत असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

पण मी एक गंमत करून पाहिली. माझा तो जुना व्याजाचा प्रश्न अशाच एका साधनाला घातला. चहा होईपर्यंत प्रोग्रॅम तयार. सुंदर लिहिलेला. आणि प्रत्येक खात्यावर वेगळं पूर्णांकन, एकूण रकमेशी ताळा कुठंच नाही! मी ते सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानंही विचारलं नाही. मी सांगितल्यावर लगेच दुरुस्त करून दिलं. पण सांगायला मला ठाऊक असावं लागलं.

म्हणजे भाषेचे शब्द लिहायचं काम स्वस्त झालं. काय लिहायचं आणि लिहिलेलं बरोबर आहे का, हे कळणाऱ्याचं काम उरलंच. मग कुठली भाषा यापेक्षा, एखादी तरी भाषा इतकी नीट यावी की दुसऱ्यानं लिहिलेली चूक आपल्याला वाचून दिसावी, हे जास्त महत्त्वाचं झालं.

मागावरचा हिशेब

त्या मुलीला हे सगळं मी एका बैठकीत सांगितलं नाही. फक्त विचारलं, "घरात कुठला हिशेब डोकं खातो?"

उत्तर वडिलांनी दिलं. मजुरीचा. व्यापाऱ्याकडून वजन करून सूत यायचं, साड्या जायच्या, नगावर मजुरी, मधेच उचल, कधी दोषाबद्दल कपात. सगळं एका लांबट वहीत.

"मग तेच कर. पायथनमध्ये. आणि पुरं होईपर्यंत दुसऱ्या भाषेचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं. मग वडिलांना म्हणाले, "तुमच्या मागावर जॅकार्ड आहे ना? ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची कल्पना फ्रान्समधल्या जॅकार्डची, १८०४ च्या सुमाराची. कुठला धागा उचलायचा ते भोक सांगतं. पोरगी करते तेही असंच काहीतरी आहे."

ते थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "मी हातमागावरनं यंत्रमागावर आलो तेव्हा आठ दिवस हात अडखळत होता. पण उभा-आडवा धागा काय असतो ते मला कुणी परत शिकवावं लागलं नाही." मी जे तासभर सांगत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. कर्जाचा विषय त्यांनी तूर्त बाजूला ठेवला.

पाच-सहा आठवड्यांनी मुलगी आली. प्रोग्रॅम चालत होता, पण बेरीज वहीशी जुळत नव्हती. दोन साड्यांचा फरक. चार दिवस ती स्वतःची चूक शोधत बसली होती. शेवटी वही घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली, तेव्हा सापडलं की चूक तिची नव्हती. वहीत पान उलटताना आधीच्या पानाची बेरीज पुढे घेताना दोन साड्या राहिल्या होत्या. दोन साड्यांची मजुरी वडिलांच्या हिशेबातून सुटली होती.

हे सांगताना तिचा आवाज वेगळाच होता. पूर्वीचं ते "थोडी थोडी सगळीच" त्यात नव्हतं.

निघताना दारात थांबून म्हणाली, "काकू, बाबांना हा हिशेब मागाजवळ उभं राहून फोनवर बघायचाय. त्याला काय शिकावं लागेल?"

भाषा कुठली हे तिनं या वेळी विचारलं नव्हतं. मी तिला परत आत बोलावलं आणि चहाचं आधण ठेवलं.